लहान जखमेचा प्रश्न

सूर्यास्तानंतर झाडाला हात लावू नये, द्वादशीस तुळस खुडू नये, हे नियम आपल्या अनेक घरांत आजही पाळले जातात. झाडापासून काही घ्यावयाचे ते विचारपूर्वक घ्यावे, हीच त्यांमागील भावना असावी. आधुनिक शास्त्राच्या एका रीतीसमोर ही भावना पुन्हा तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

पानात कोणती मूलद्रव्ये आहेत हे जाणण्याची जुनी रीत म्हणजे पान तोडणे, वाळविणे, दळणे आणि तीव्र आम्लात विरघळविणे. उत्तर मिळे, परंतु पान उरत नसे. शिवाय धातू शिरेत साठला की कडेला, हे त्या पिठातून कळावे कसे? लेसर वर्णपटशास्त्राने हे पालटले. लेसरचा क्षणमात्र झोत एका बिंदूवर एकवटला की तेथील कणभर द्रव्याची वाफ होते आणि हजारो अंश तापमानाची ठिणगी उडते. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक प्रकाशरेषांनी ओळखता येते, हे बुन्सेन व किर्खहॉफ यांनी १८६० च्या सुमारास दाखविलेच होते. बिंदूमागून बिंदू घेत गेले की जिवंत पानाचा नकाशा तयार होतो. मातीचाही तसाच. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ने चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक गंधक ओळखले ते याच रीतीने.

चंद्राच्या मातीस दुखापत होत नाही. पानाचे तसे नव्हे. या रीतीस ‘जवळजवळ अविनाशक’ म्हणतात. त्या ‘जवळजवळ’पाशी आम्ही थांबतो. खड्डा केसाच्या जाडीएवढा असला तरी तेथील पेशी मरतात, आणि नकाशासाठी असे शेकडो खड्डे लागतात. कोणी म्हणेल, गाय एका घासात याहून अधिक पाला खाते. खरे आहे, पण गाय भुकेने खाते. भुकेला मिळणारी सूट कुतूहलालाही आपोआप मिळावी, हे आम्हांस मान्य नाही.

तथापि न पाहणे हेही निर्दोष नव्हे. आर्सेनिक मातीतून शोषून पानांत साठविणारे एक नेचे २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी जगापुढे आणले. ते वरून हिरवेगारच दिसते. पालेभाजीतले शिसे वा कॅडमियमही डोळ्यांस दिसत नाही. ती भाजी लेकरांच्या ताटात पडणार असता पानाच्या दयेने तपास टाळणे, याला दया कोण म्हणेल?

आधी मातीच तपासावी, असे सुचेल. परंतु मातीत धातू किती, एवढ्यावरून झाडाने त्यातला किती घेतला हे ठरत नाही. मातीच्या आंबटपणावरही ते पुष्कळ अवलंबून असते. तेव्हा कधी पानासच विचारावे लागते. तरीही सदैव जिवंत पानच हवे असे नाही. गळण्यापूर्वी झाड पानातील पोटॅशियम बरेचसे परत ओढून घेते, कॅल्शियम मात्र तेथेच राहते. प्रश्न कॅल्शियमचाच असेल, तर देवराईत पायाखाली पडलेले पानही त्याचे उत्तर देते.