मेजाची खालची बाजू

(उत्पत्ति 6:14)



आमच्या किनाऱ्यावरील मंडळीत प्रभुभोजनाचे जे मेज आहे, ते पूर्वी एका गलबतावरचे. सागवानी असून, समुद्रात हेलकावे बसले तरी थाळ्या घसरू नयेत म्हणून त्याच्या चारही कडांस बोटभर उंच पट्टी आहे. व्हार्निशचे पापुद्रे सुटू लागले तेव्हा ते नवे करण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. नाताळ तोंडावर आला होता. वरवर घासले, सायंकाळी दव पडत असताच दोन हात दिले, आणि मेज आरशासारखे चकाकले! मंडळीने वाखाणले, व आम्हांस ते गोड वाटले.

पुढील पावसाळ्यात त्यावर फोड आले. फळीच्या कडा वर उचलल्या व भोजनाच्या वेळी प्याला कलला.

गावच्या वृद्ध सुताराने मेज उलटे केले. खाली व्हार्निशचा थेंबही नव्हता. तो म्हणाला, "पाद्रीसाहेब, ओल इकडून शिरली." उघडी बाजू ओल पिऊन फुगते, झाकलेली फुगत नाही, मग फळी वाकल्यावाचून कशी राहील?

नोहास तारू आतून व बाहेरून डांबरण्याची आज्ञा झाली होती. पाणी तर बाहेर होते! या वचनावर आम्ही अनेकदा उपदेश केला होता. परंतु त्याच मंडळीच्या एका वडिलांशी आमचा दोन वर्षांचा अबोला होता, आणि तरीही आम्ही दर वेळी त्या मेजापाशी उभे राहून भाकर मोडीत होतो.

मेज पुन्हा करावयास घेतले. मीठ ओलावा ओढून घेते, म्हणून प्रथम गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पुष्कळ दिवस वाळविले. जुने व्हार्निश लाकडापर्यंत खरवडले, रेषांच्या दिशेने काचकागद फिरविला. साग तेलकट असतो, तो स्पिरिटने पुसला. पहिल्या हातात निम्मे टर्पेंटाइन, म्हणजे ते आत मुरते. (लाखेचे पॉलिश येथे कामाचे नाही, पाण्याने पांढरे पडते.) प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळवण, मग बारीक घासणी. वर सात हात, खाली सात.

ते जड मेज उलटे करावयास दुसरा मनुष्य हवा होता. सुतार परगावी गेला होता. आम्ही त्या वडिलांच्या दारी जाऊन उभे राहिलो. त्यांनी काही न विचारता पायांत वहाणा घातल्या.