झाकलेल्या अवयवांचा मान

शास्त्रभाग : करिंथकरांस पहिले पत्र १२:१२-२७



मंडळीला शरीराची उपमा देणारा हा अध्याय आपण इतक्या वेळा ऐकला आहे की, तो वाचावयास घेतला म्हणजे आपले लक्ष सहज दुसरीकडे जाते. शब्बाथशाळेत मुलांनी त्यावर संवादही केलेले असतात. एक मुलगा डोळा होतो, एक हात, एक पाय. थोडे भांडण होते आणि शेवटी सर्व जण हातात हात धरून उभे राहतात. हे चांगलेच आहे. परंतु त्या संवादात मूत्रपिंडाचे पात्र आम्ही अजून पाहिलेले नाही. ते कोणी लिहीत नाही, आणि लिहिले तर घ्यायला कोणी पुढे येईल असेही वाटत नाही. म्हणून आज आपण त्या अवयवाजवळच थोडे थांबू या.

प्रथम पौलाविषयी. समाज म्हणजे शरीर ही कल्पना पौलाने नव्याने काढली नाही. रोमी लोकांत एक गोष्ट पूर्वीपासून सांगितली जात असे. ख्रिस्तपूर्व ४९४ साली रोम शहरातील गरीब लोक सरदारांच्या जाचाला कंटाळून शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. त्यांची समजूत घालण्यास मेनेनियस अग्रिप्पा नावाचा एक गृहस्थ गेला. त्याने सांगितले की, एकदा हात, तोंड व दात यांनी पोटाविरुद्ध संप केला. पोट आयते बसून खाते, तर त्याला घास द्यायचाच नाही. परिणाम असा झाला की पोटाबरोबर सगळे शरीरच वाळले. गोष्टीचा रोख उघड होता. सरदार म्हणजे पोट, तुम्ही म्हणजे हातपाय. मुकाट्याने कामाला लागा! लिव्ही नावाच्या इतिहासकाराने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. आपल्या देशातही समाजाला शरीराची उपमा जुनी आहे, आणि तीत पायांच्या वाट्याला काय आले हे वाचकांस सांगावयास नको.

पौलाने ही उपमा घेतली आणि उलटी केली. खालच्यांनी वरच्यांसाठी राबावे असे तो म्हणत नाही. तो म्हणतो की, जे अवयव अशक्त दिसतात ते अधिक गरजेचे आहेत, जे आपल्याला हलके वाटतात त्यांना आपण अधिक मान देतो, आणि शरीराची अशी जुळणी देवानेच केली आहे. हे तो का लिहीत आहे हे समजण्यासाठी एक पान मागे जावे. अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाची हकिकत आहे. करिंथ येथील मंडळीत सुखवस्तू लोक आधी येऊन पोटभर खात-पीत, आणि ज्यांच्याजवळ काही नसे ते उपाशी राहत. एकाच प्रभूच्या मेजाजवळ एक मस्त आणि एक भुकेला! म्हणजे शरीराचा हा अध्याय त्या भांडणाच्या पाठोपाठ आलेला आहे. तो गोड संवादासाठी लिहिलेला नाही.

आता शरीराकडे वळू. प्रत्येक संस्थेला आपले काम नेमून दिलेले आहे. दोनशे सहा हाडांचा सांगाडा आपल्याला उभे करतो, स्नायू हालचाल देतात. फुप्फुसे हवेतला प्राणवायू रक्तात सोडतात. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावून ते रक्त अंगभर पोहोचवते. पचनसंस्था भाकरीचे रक्तात जाईल असे अन्नरस करते, यकृत तो साठवते व शुद्ध करते. मेंदू व मज्जारज्जू निरोप नेतात-आणतात, ग्रंथी आपले स्राव रक्तात सोडून वाढ व झीज सांभाळतात, आणि त्वचा या सर्वांना पांघरूण घालते. यांतील काहींचे कौतुक आपण भरपूर करतो. हृदयावर आपल्या उपासनासंगीतात किती गीते आहेत ती मोजून पाहावीत. मूत्रपिंडावर एकही नाही.

शास्त्राने मात्र त्यांना असे टाकले नव्हते. लेवीयाच्या पुस्तकात शांत्यर्पणाचे नियम आहेत. तेथे पशूचे दोन्ही गुरदे व त्यांवरील चरबी वेदीवर परमेश्वरासाठी ठेवावी असे सांगितले आहे. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात देवाने मला आईच्या उदरी घडवले असे दावीद म्हणतो, तेथे आपल्या मराठी शास्त्रात 'अंतर्याम' असा शब्द आहे. मूळ इब्री भाषेत तो मूत्रपिंडांचाच शब्द आहे. यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात परमेश्वर हृदयाबरोबर ज्याची पारख करतो तेही मूळ भाषेत मूत्रपिंडच. इब्री लोक माणसाच्या अगदी आतल्या, गुप्त विचारांचे स्थान तेथे मानीत. भाषांतरकारांनी शब्द सभ्य केला याबद्दल आमची तक्रार नाही, पण त्यामुळे आपल्या वाचनातून हा अवयव नाहीसा झाला हे खरे.

हा अवयव आहे तरी केवढा? आपल्या मुठीएवढा, सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचा, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला एकेक. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही भरत नाहीत. परंतु प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या आहेत. या गाळण्यांतून दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा बादल्या! आपल्या अंगात रक्तच मुळी पाच लिटरांच्या आसपास असते. तेच पुन्हा पुन्हा गाळले जाते. त्या बारा बादल्यांपैकी बाहेर टाकले जाते ते दीड लिटरच्या आसपास. बाकी सर्व, त्यातील मीठ, साखर व इतर कामाची द्रव्ये निवडून, रक्ताला परत केले जाते. मूत्रपिंड घाण बाहेर टाकते एवढेच आपण जाणतो. खरे पाहता त्याचे बहुतेक कष्ट चांगले ते परत देण्यात जातात.

आणि एवढ्यावर त्याचे काम संपत नाही. हाडांच्या पोकळीत तांबडे रक्त तयार व्हावे म्हणून जो निरोप जातो तो मूत्रपिंडाकडून जातो. म्हणून मूत्रपिंडे निकामी झालेला रोगी पांढराफटक दिसू लागतो. रक्तदाब सांभाळण्यात त्याचा हात आहे. ड जीवनसत्त्व हाडांना उपयोगी पडेल अशा रूपात तेच आणते. ज्याला आपण शरीरातले मोरीचे काम करणारा समजलो, त्याच्यावर रक्त, हाडे आणि हृदय अवलंबून आहेत.

आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट पुढची आहे. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्यातील सुमारे पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. विश्रांतीच्या वेळी दर मिनिटाला पाच लिटर निघाले तर त्यातील एक लिटर तिकडे. वजनाने अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि वाटा वीस टक्के! सफाई करणाऱ्याला शरीर उरलेसुरले देत नाही. हलक्या अवयवांना अधिक मान मिळतो असे पौलाने लिहिले तेव्हा त्याला हे आकडे ठाऊक असणे शक्य नव्हते.

आता आपल्या शरीराकडे, म्हणजे मंडळीकडे व समाजाकडे पाहू. हाताने मैला साफ करवून घेण्यास १९९३ साली कायद्याने बंदी आली आणि २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. तरीही गटारात उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या आजही येतात. शहर त्यांना आपल्या रक्ताचा कितवा हिस्सा देते? हा प्रश्न नगरपालिकेलाच विचारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरून ख्रिस्ताकडे आले. कोणी मिशनच्या, कोणी रेल्वेच्या, कोणी पलटणीच्या नोकरीनिमित्त बेळगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद येथे जाऊन स्थिरावले. ज्या कामांपायी त्यांनी अपमान सोसला, ती कामे आज दुसरे कोणी करीत असले की आपणच त्यांच्यापासून चार हात दूर बसतो. उपासनेत आपण सर्व एक आहोत असे म्हणतो; सोयरीक जमवताना मात्र 'मूळचे कुठले?' हा प्रश्न हळूच विचारला जातो आणि तो गावाविषयी नसतो हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते, सांगणाऱ्यालाही. याला करिंथच्या मेजाहून वेगळे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

आणखी एक गोष्ट वैद्यक शिकवते. मूत्रपिंड लवकर तक्रार करीत नाही. दात दुखला तर घर जागे राहते. मूत्रपिंडाचे निम्म्याहून अधिक काम बंद पडले तरी माणसाला पत्ता नसतो. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही त्याची मोठी कारणे. (ज्यांना हे विकार आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी रक्त व लघवी तपासून घ्यावी, ही सूचना उपदेशात शोभत नाही असे कोणास वाटल्यास वाटो.) मंडळीतही असे न बोलणारे असतात. भजन मंडळातला एखादा रुसला तर पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जातात. प्रभुभोजनाची भांडी वर्षानुवर्षे घासून पुसून ठेवणारी विधवा बहीण चार रविवार आली नाही, तर कोणाच्या लक्षात येते? एक अवयव दुखावला असता सर्व दुखावतात असे पौल म्हणतो खरे, परंतु त्यासाठी निरोप पोहोचवणारी मज्जा जिवंत हवी.

मूत्रपिंडे पुरती थांबली म्हणजे मग त्यांची किंमत कळते. नेदरलँड्स देशात जर्मन सैन्याचा अंमल असताना, १९४३ साली, कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी सॉसेजच्या वेष्टनाची नळी एका पिंपाभोवती गुंडाळून रक्त गाळण्याचे यंत्र तयार केले. पहिले अनेक रोगी दगावले. १९४५ साली एक ६७ वर्षांची बाई त्यामुळे वाचली. आज तालुक्याच्या गावीही असे यंत्र असू शकते. रोग्याला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास त्याला जोडून पडावे लागते, आणि तरीही दोन मुठींएवढे अवयव निमूटपणे जे करीत होते ते सर्व यंत्राकडून होत नाही. दुसरा मार्ग रोपणाचा. १९५४ साली बोस्टन येथे एका जुळ्या भावाने दुसऱ्याला मूत्रपिंड दिले आणि ते काम करू लागले. आपल्या देशात असे यशस्वी रोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाले, याचा आपणांस आनंद वाटावा. एक मूत्रपिंड दिले तरी राहिलेले दुसरे अधिक काम अंगावर घेते व दाता चांगला जगू शकतो. पण आपल्याकडे जिवंतपणी देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक, आया आणि पत्नी. आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. देणे कोणाच्या वाट्याला येते हे येथेही दिसते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक सूचना. हा पाठ घेताना नेहमीचा डोळा-हाताचा तक्ता बाजूला ठेवावा. मुलांना दोन्ही हात पाठीवर, कमरेच्या थोडे वर ठेवण्यास सांगावे व येथे कोण काम करीत आहे ते विचारावे. एक बादली पाणी मध्ये ठेवावी आणि अशा बारा मोजून दाखवाव्यात. लघवीचा विषय निघाला की मुले हसतील, हसू द्यावे. हसू ओसरले म्हणजे आपले चर्च शनिवारी कोण झाडतो, संडास कोण धुतो, त्याचे नाव काय, असे विचारावे. नाव एकालाही सांगता आले नाही तर पाठ तेथेच थांबवून सर्वांनी त्याला भेटून यावे.

आणि मंडळीच्या वडिलांसाठीही एक. वार्षिक सभेत रंगकाम, ध्वनिक्षेपक आणि नाताळची रोषणाई यांवर तासभर चर्चा होते. सेवकाच्या पगाराची ओळ अगदी शेवटी येते, चहाचे कप आले असतात, आणि 'मागच्याप्रमाणे' एवढे म्हणून ती संमत होते. यंदा ती ओळ पहिली वाचावी. ती वाचली जात असता सेवकाला चहा आणायला बाहेर पाठवू नये. खुर्ची देऊन आत बसवावे.