थकलेल्या घोड्याचे देणे



ज्या मुक्या जिवाने आयुष्यभर आपले काम केले, तो थकल्यावर आपल्याकडे त्याचे काही देणे उरते का? की चारा घातला, काम घेतले, हिशेब मिटला?

आपल्या शेतकऱ्याने या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. घोड्याला मात्र पोळा नाही. वसमत तालुक्यातील हट्ट्यासारख्या गावात आता घोडा दिसतो तो बहुधा वरातीपुरता, नाहीतर मेंढपाळाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन चाललेला. २०१५च्या राज्य कायद्याने बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाचे काय करायचे, यावर गावोगावी चर्चा झाली. म्हाताऱ्या घोड्याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून आज त्याच्याविषयी बोलू.

घोडा पंचवीस-तीस वर्षेही जगतो, पण पाय त्याआधीच थकतात. त्याच्या वजनाचा मोठा भाग, शंभरातले साठ तरी, पुढच्या पायांवर असतो. डांबरी रस्त्यावरची चाल, दोन पायांवर नाचवणे, वेळेवर न छाटलेले खूर, यांचा मार सांध्यांवर बसतो. पुढचा पाय दुखू लागला की तो पाय टेकताना घोडा मान वर उचलतो. जाणकाराला तेवढी खूण पुरते. महिनाभर विसावा दिला की घोडा बरा दिसतो, पुन्हा कामाला लावला की पुन्हा लंगडतो. असे तीन-चार वेळा झाले की धनी आतून खचतो. एकदाच मोडलेल्या पायाचा निर्णय कठीण असला तरी तो एकदाच घ्यावा लागतो. वारंवार लंगडणाऱ्या घोड्याचा निर्णय दर महिन्याला दारात येऊन उभा राहतो.

अशा वेळी तीन सोप्या वाटा दिसतात. पहिली, दुखणे मारणारी सुई टोचून लग्नसराई काढणे. सुईने वेदना झाकते, झिजलेला सांधा काही भरून येत नाही; उलट न दुखणाऱ्या पायावर घोडा जास्त भार टाकतो आणि इजा वाढते. दुसरी, माळेगावच्या यात्रेत किंवा दुसऱ्या बाजारात लंगडेपण न सांगता विकणे. तिसरी, रात्री दूर माळावर सोडून येणे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा म्हाताऱ्या वा जखमी, कामाला नालायक जनावराला जुंपणे गुन्हा मानतो आणि उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणेही गुन्हाच मानतो. पण पोलीस पाहत नाहीत म्हणून का होईना, या वाटा चालू आहेत.

हा प्रश्न फार जुना आहे. रोमचा केटो हा काटकसरीसाठी नावाजलेला पुढारी. इसवी सनापूर्वी १९५मध्ये तो स्पेनच्या मोहिमेवर गेला आणि परतताना सरकारचे जहाजभाडे वाचावे म्हणून आपला युद्धातला घोडा तिथेच सोडून आला. त्याचे चरित्र लिहिणाऱ्या प्लुटार्कला ही थोरवी की क्षुद्रपणा, असा प्रश्न पडला. त्याच चरित्रात तो अथेन्सच्या एका खेचराची गोष्ट सांगतो. मोठ्या देवळाच्या बांधकामावर राबलेली खेचरे पुढे चरायला मोकळी सोडली, तर एक खेचर आपणहून परत येऊन कामावरच्या जनावरांच्या पुढे चालू लागले. तेव्हा त्याला मरेपर्यंत शहराच्या खर्चाने पोसावे, असा ठराव लोकांनी केला.

केटोने पैसे वाचवले, हे खरे. पण तो मोठा माणूस होता. आपल्याकडे घोडी पाळणाऱ्याचे घरच घोडीच्या कमाईवर चालते. मुलाची फी भरायची की कामातून गेलेल्या घोडीला कडबा घालायचा, असा पेच ज्याच्यापुढे आहे, त्याला नुसता उपदेश करणे सोपे आहे. ख्रिस्तसभेची शिकवणही इथे दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवते: जनावराला विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि जो पैसा माणसाचे हाल दूर करण्यासाठी हवा, तो जनावरावर उधळणेही योग्य नाही. मग देणे फेडायचे कोणी?

अथेन्सच्या ठरावात उत्तर आहे. खेचर सर्वांसाठी राबले, म्हणून खर्च सर्वांनी उचलला. वरातीची घोडीही एकट्या धन्यासाठी चाललेली नसते. तिच्या पाठीवर आपली मुले, आपले भाऊ बसले आहेत. ठरलेल्या भाड्यात त्या वेळेची मजुरी येते, म्हातारपण येत नाही. कडब्याच्या चार पेंढ्या, खूर छाटणाऱ्या नालबंदाची मजुरी, जनावरांच्या दवाखान्यापर्यंतची सोय, बांधावरची मऊ जमीन, एवढे चार घरांनी मिळून देणे अवघड नाही. आणि लंगडणारी घोडी दारात आली तर नवरदेवाने पायी चालावे. त्यात कमीपणा नाही.

तरीही एक दिवस असा येतो की विसावाही पुरत नाही. अमेरिकेतला बार्बरो हा शर्यतीचा घोडा मे २००६मध्ये मागचा पाय मोडून बसला. पैसा आणि वैद्य यांची कमतरता नव्हती. पण भार दुसऱ्या पायांवर गेला, खूर आतून सुजले आणि जानेवारी २००७मध्ये मालकांनी त्याला शांतपणे मरण देण्याचा निर्णय घेतला. अशा वेळी पशुवैद्याच्या हातून दिलेले वेदनारहित मरण हीसुद्धा दया असू शकते. मात्र त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: सुटका नेमकी कोणाची होते आहे, घोड्याच्या वेदनेची की आपल्या खर्चाची? आणि जीव लावला म्हणून त्याला तडफडत ठेवणाऱ्यानेही उलट बाजूने हाच प्रश्न विचारावा: जपतो आहोत ते घोड्याला की आपल्या मनाला?

परमेश्वराने सातव्या दिवसाचा विसावा सांगितला तेव्हा त्यात बैल आणि गाढव यांनाही धरले. ज्यांना स्वतःचा विसावा मागता येत नाही, त्यांचा विसावा त्याने आपल्या हवाली केला आहे. या रविवारी आपण विसावा घेऊ, तेव्हा आपल्या वाटेवर कोण लंगडत उभे आहे, हेही पाहू या.