पक्ष्यांचं पाणी नेमकं कोणासाठी?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 20.

इथे भगवंत सात्त्विक दानाची ओळख सांगतात. द्यायला हवं एवढ्याच भावनेनं दिलेलं, जो परतफेड करणार नाही त्याला दिलेलं, आणि देश, काळ, पात्र पाहून दिलेलं. पुढच्याच श्लोकात राजस दान येतं: परतफेडीसाठी, फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर आल्यासारखं दिलेलं.

हा श्लोक मी कितीदा तरी वाचलाय. यंदा तो बाल्कनीत भेटला.

मार्चमध्ये आमच्या खारघरच्या बाल्कनीसाठी बर्डबाथ मागवला. निळा, चकचकीत, सिरॅमिकचा. हॉलमधून छान दिसेल असा ठेवला, फोटो टाकला, भरपूर लाइक्स आले. पक्षी मात्र येईनात. एकदा साळुंकी आली, काठावर तिचा पाय घसरला आणि ती उडून गेली. बायको सहज म्हणाली, "हे त्यांच्यासाठी आहे की आपल्यासाठी?"

मी वाद घातला. पक्षी काय परतफेड करणार? म्हणजे हे निरपेक्षच की! मग लक्षात आलं, परतफेड मी लाइक्समध्ये आधीच वसूल केली होती. यूजर कोण हे न विचारता फीचर बनवू नका, असं मीच ऑफिसमध्ये ज्युनियर्सना ऐकवत असतो.

मग सजावट चुकीची का? मला तसं वाटत नाही. पूजा मांडताना आपण रांगोळी काढतोच. प्रश्न एवढाच, की आधी काय: घेणाऱ्याची गरज की माझा देखावा?

श्लोकातली तीन मापं लावून पाहिली. देश: काचेच्या दारापासून लांब, सावलीत. काळ: एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं, आटतं, म्हणून रोज सकाळी बदलायचं. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, हेही आलंच. पात्र: श्लोकात याचा अर्थ घेणारा, पण मी भांडंही बदललं. लहान पक्ष्यांना दोन इंचांहून कमी पाणी आणि पाय रोवायला खडबडीत तळ लागतो. आता मातीचं पसरट भांडं आहे, मध्ये एक दगड. निळ्या भांड्यात देवाची फुलं ठेवतो.

हे फक्त माझ्या बाल्कनीचं नाही. आपली नवी मुंबई स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवते, जागोजागी त्यांचे पुतळे आहेत. आणि नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी यायची वाट अडली, तलाव आटत गेला. 2024 मध्ये तिथे खरे फ्लेमिंगो मेले. पुतळा एकदाच उभारावा लागतो. पाण्याची वाट रोज मोकळी ठेवावी लागते.

खरं सांगू? माझा हेतू अजून पूर्ण शुद्ध नाही. साळुंकी पंख फडफडवत आंघोळ करायला लागली की हात मोबाइलकडे जातोच. मग मन शुद्ध होईपर्यंत पाणी ठेवणं थांबवायचं का? नाही. तहान माझ्या चित्तशुद्धीची वाट बघत नाही. पाणी रोज बदलायचं, मन हळूहळू मागून येईल.

आजचा संकल्प: भांडं घासून पाणी भरा, आणि आज फोटो काढू नका.

राम कृष्ण हरी!