शरीरधर्म आणि शाळेचे मैदान

शरीर राखणे हे कर्तव्य होय, असे धर्मविचार सांगतो. परंतु कर्तव्याचा प्रश्न तेव्हाच उद्भवतो, जेव्हा ते पाळणे वा टाळणे कर्त्याच्या हाती असते. आठवी-नववीतील मुलगी खेळाच्या तासाला ओढणी सावरत कट्ट्यावर बसून राहते आणि ‘आवड नाही’ म्हणते, तेव्हा ती खरोखर निवड करीत असते का?

‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात बटुवेषधारी शिव तपस्विनी पार्वतीला शरीर हे धर्माचे पहिले साधन असल्याची आठवण देतो. हे वचन पुढे व्यायामशाळांचे बोधवाक्य झाले. पण ते मुळात एका तरुण मुलीला सांगितलेले आहे, हे तालमींच्या पुरुषी जगात सोयीस्करपणे विसरले गेले.

आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ स्त्रीने 1980 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले की, पुरुषप्रधान समाजात मुलगी आपले शरीर कृतीचे साधन म्हणून जगते तशीच इतरांच्या नजरेचा विषय म्हणूनही जगते, आणि त्यामुळे तिची हालचाल सुरू होतानाच आखडते. हा संकोच उपजत नसून घडवलेला असतो, आणि तो घडवण्यात शाळेचा वाटा मोठा आहे: मैदानाचा मधला भाग मुलांच्या क्रिकेटने व्यापलेला, पीटीचा तास गणिताने गिळलेला, गणवेश धावण्यास अडचणीचा आणि पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहात पाणी नाही, अशा ठिकाणी ‘आवड’ रुजणार कशी? जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी केलेल्या 2016 च्या अंदाजानुसार 11 ते 17 वयोगटातील 85 टक्के मुली आणि 78 टक्के मुलगे रोज सरासरी तासभरही पुरेशी हालचाल करीत नाहीत. मुलग्यांचा आकडाही काही अभिमानाचा नाही.

तत्त्वज्ञ मार्था नसबॉम यांनी मानवी क्षमतांच्या यादीत खेळाला स्वतंत्र स्थान दिले आहे. क्षमता म्हणजे नुसती परवानगी नव्हे, तर ती वापरण्याची प्रत्यक्ष संधी. तेव्हा ‘मुलींना कोणी अडवले आहे?’ हा शाळांचा नेहमीचा सवाल प्रश्नाला बगल देतो. कवायतीची सक्ती हाही उपाय नव्हे, कारण तिथे संकल्प पुन्हा दुसऱ्याचाच असतो. याउलट, मुलींना विचारून खेळ ठरवणारी आणि आठवड्यातील ठरावीक दिवशी पूर्ण मैदान त्यांच्या खो-खोसाठी मोकळे ठेवणारी शाळा कोणावरही सक्ती करीत नाही, आणि तिथे कट्ट्यावर बसून राहिलेल्या मुलीचा नकारच प्रथम तिचा स्वतःचा म्हणता येतो.