मागची तारीख टाकून सही करणाऱ्यांना

पोरांनो, बसा. आज नवीन काही शिकवायचं नाही. जे शिकवलं होतं त्याचं तुम्ही काय केलंत, तेवढंच विचारायचं आहे.

तुमच्यातले बरेच जण कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत लॅबला आहेत. कुणी स्पेक्ट्रोवर, कुणी सँड लॅबला, कुणी बाहेरचं काम घेणाऱ्या टेस्टिंग लॅबचा क्वालिटी मॅनेजर. दारातच लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असतं. आणि असेसर येणार म्हटलं की आदल्या रात्री काय चालतं, ते मला ठाऊक आहे. सहा महिन्यांच्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनानं भरल्या जातात. रोज 23 अंश, रोज 52 टक्के. बाहेर जुलैचा पाऊस कोसळतोय, पंचगंगा पात्राबाहेर आलीय, आणि तुमच्या वहीत आर्द्रतेचा आकडा जागचा हलत नाही! इंटर्नल ऑडिटच्या कागदावर मागची तारीख. मॅनेजमेंट रिव्ह्यूला जो मालक बसलाच नाही त्याची सही. हे करताना हात कसा उचलला तुमचा?

एनएबीएल कुठल्याही लॅबला सरसकट चांगली म्हणत नाही. आयएसओ 9001 मध्ये कारभाराची पद्धत तपासतात. एनएबीएल वापरतं त्या आयएसओ/आयईसी 17025 प्रमाणकात त्याच्या पुढे जाऊन माणसाला आणि यंत्राला ती चाचणी खरोखर करता येते का, हे समोर उभं राहून बघतात. म्हणून सर्टिफिकेटसोबत स्कोप येतो: ही चाचणी, या पद्धतीनं, या मर्यादेत. त्याबाहेरच्या चाचणीच्या रिपोर्टवर एनएबीएलचं चिन्ह छापणं ही फसवणूक आहे. परवा एका लॅबचा रिपोर्ट हातात आला. स्कोपमध्ये हार्डनेस आणि टेन्साइल, आणि चिन्हाखाली मायक्रोस्ट्रक्चर, नोड्युलॅरिटी सगळं छापलेलं. सही करणारा माझाच विद्यार्थी.

आता ब्रिनेल घ्या. तुम्हाला ते सगळ्यात सोपं वाटतं, म्हणून तिथंच सगळ्यात जास्त चुका होतात. 10 मिलिमीटरची गोळी, 3000 किलोचा भार, आणि उठलेल्या खड्ड्याचा व्यास मायक्रोस्कोपनं मोजायचा, एकमेकांना काटकोनात दोनदा. व्यास 4.00 मिलिमीटर आला तर हार्डनेस 229. 3.95 आला तर 235. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर 170 ते 230 मागितलंय. म्हणजे पाच शतांश मिलिमीटरनं कास्टिंग पास होतं नाहीतर रिजेक्ट. खड्ड्याची कड नीट दिसण्यासाठी पृष्ठभाग घासायला हवा, तो तुम्ही घासला नाही. दुसऱ्या दिशेनं व्यास मोजला नाही. भार पूर्ण बसायच्या आत लिव्हर सोडलात. आणि रिपोर्टवर लिहिलंत 229, पास. त्या मापनाची अनिश्चितता किती? समजा ती चार अंकांची आहे, तर खरी हार्डनेस 233 सुद्धा असू शकते. ग्राहकाशी पास-नापासाचा नियम आधी ठरवला होता का? 17025 मध्ये हे स्पष्ट मागितलंय. तुम्ही अनिश्चिततेचं कोष्टक एकदाच, असेसरसाठी केलंत आणि फाइलला लावून टाकलंत. पुन्हा कधी उघडलं नाही.

कॅलिब्रेशनचीही तीच तऱ्हा. स्टिकर लावला, पुढची तारीख टाकली, झालं. सर्टिफिकेटच्या आत कुठल्या मापाला किती चूक येते ते लिहिलेलं असतं, ती दुरुस्ती वाचनात घ्यायची असते. किती जणांनी सर्टिफिकेटचं दुसरं पान उलटलं? तापमानाची दुरुस्तीही अशीच राहते. लांबीच्या मापाचं संदर्भ तापमान 20 अंश आहे, हे पहिल्या वर्षाला पाठ करून घेतलं होतं. मे महिन्यात 35 अंशांच्या शेडमध्ये 300 मिलिमीटरचा ॲल्युमिनिअमचा भाग तुम्ही पोलादी मापानं मोजता. दोघांचं प्रसरण वेगळं, त्यानं सुमारे 50 मायक्रॉनचा फरक पडतो. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स 40 मायक्रॉन असेल तर तुम्ही काय मोजलंत? काहीच नाही.

प्रोफिशियन्सी टेस्टिंगचं तर बोलवत नाही. एकच नमुना निरनिराळ्या लॅबना जातो, आपापला आकडा स्वतंत्रपणे कळवायचा असतो. झेड-स्कोअर दोनच्या आत आला तर ठीक, तीनच्या पुढं गेला तर आपल्या कामात दोष आहे, तो शोधायचा. ही लॅबची स्वतःची परीक्षा आहे. तुम्ही एकमेकांना फोन करून आकडे जुळवलेत. कॉलेजात कॉपी पकडली तेव्हा मी तुम्हाला वर्गाबाहेर काढलं होतं. इथं त्याहून मोठा अपराध आहे, कारण या आकड्यावर पुढं माणसं ट्रक चालवणार आहेत. स्टिअरिंग नकल तुमच्याच रिपोर्टवर गाडीला लागतं.

"सर, मालक ऐकत नाही." "सर, गाडी लोड होऊन उभी आहे, रिपोर्ट आत्ताच पाहिजे." "सर, सगळेच करतात." ऐकली सगळी कारणं. 17025 मध्येच निःपक्षपातीपणाचं कलम पहिल्या काही पानांतच आहे: पैशाचा, धंद्याचा दबाव निकालावर येऊ द्यायचा नाही. मालकाला ते दाखवा. त्यानं मान्यता मागताना हे लिहून दिलंय. दाखवूनही ऐकलं नाही, तर सही करू नका. रिपोर्टवर नाव तुमचं आहे, मालकाचं नाही.

आणि त्या सहीला जगात किंमत का आहे, तेही ऐका. 2 नोव्हेंबर 2000 रोजी वॉशिंग्टनमध्ये आयलॅकचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, परस्पर मान्यता करार झाला, त्यात भारताच्या वतीनं एनएबीएल होतं. त्यामुळं इथं तपासलेल्या कास्टिंगचा रिपोर्ट परदेशी ग्राहकानं पुन्हा चाचणी न करता स्वीकारावा, अशी वाट मोकळी झाली. तुमच्या लॅबमधलं वजन कॅलिब्रेशन लॅबमार्फत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी आणि तिथून जगाच्या किलोग्रॅमशी जोडलेलं आहे. ही साखळी किती लोकांनी किती निष्ठेनं सांभाळलीय! तुम्ही मात्र ती एका रात्रीच्या खोट्या नोंदीनं तोडता. उद्या एका लॅबचा रिपोर्ट खोटा निघाला की ग्राहक त्या लॅबचं नाव घेत नाही, "कोल्हापूरचा माल" म्हणतो. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवणाऱ्या कारागिरांकडं ना डिग्री होती ना वातानुकूलित खोली. पण इंजिन शेताच्या बांधावर चालू झालं नाही तर ते परत घ्यायची त्यांची तयारी असे. तुम्ही स्वतःचा रिपोर्ट परत घ्यायला तयार आहात का?

असाल, तर सोमवारी कामावर गेल्यावर पहिल्यांदा स्कोपचा कागद टेबलावर घ्या. त्यात नसलेल्या प्रत्येक चाचणीच्या रिपोर्टवरून चिन्ह काढा. तापमानाची वही आजपासून खरी लिहा, आणि ज्या दिवशी नोंद घेतली नाही तिथं "नोंद घेतली नाही" असंच लिहा. आणि ज्या ग्राहकांना चुकीचे रिपोर्ट गेलेत त्यांना लेखी कळवा, रिपोर्ट मागे घ्या. 17025 मध्ये तशी तरतूद आहे. नोकरी गेली तर माझ्याकडं या, तुमच्यासाठी चार दारं मी स्वतः ठोठावीन. पण खोटा रिपोर्ट घेऊन आलात, तर माझा विद्यार्थी म्हणून नाव सांगू नका.