तबकडीची प्रत

धुळ्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील वृद्ध गृहस्थ निवर्तले, तेव्हा त्यांच्यामागे एक लाकडी पेटी उरली. तीत ग्रामोफोनच्या साठेक जुन्या तबकड्या होत्या. बालगंधर्वांची नाट्यपदे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमऱ्या. जळगावच्या एका संग्राहकाने त्या न पाहताच घेण्याची तयारी दाखविली. मात्र प्रत्येक तबकडीची प्रत लिहून मागितली. आम्हांला या वस्तूंचा थोडा नाद आहे हे ठाऊक असल्याने मुलाने ते काम आमच्यावर सोपविले.

हा छंद वरवर दिसतो तेवढा क्षुल्लक नव्हे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासूनचा आपल्या संगीताचा मोठा ठेवा या तबकड्यांत आहे. तो जपण्यासाठी १९९० साली मुंबईत संग्राहकांची एक संस्थाही स्थापन झाली. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांची ही तबकडी पडली की फुटते, आणि पोलादी सुईच्या भाराने दर वेळी थोडी झिजते. म्हणून संग्राहक प्रती ठरवितात: नवीकोरी, जवळजवळ नवी, अतिशय चांगली, चांगली, खराब. गंमत अशी, की त्यांच्या परिभाषेत ‘चांगली’ म्हणजे बरीच झिजलेली! पारखणारा तबकडी दिव्याखाली तिरपी धरून ओरखडे पाहतो, आणि मडके वाजवून घ्यावे तशी तिला टिचकी मारतो. तडा असेल तर नाद बद्द येतो.

बालगंधर्वांची एक तबकडी आरशासारखी लखलखत होती. टिचकी मारली, तो नाद बद्द. नीट पाहिल्यावर केसाएवढा तडा आढळला. मुलगा म्हणाला, “फादर, सहज दिसत नाही ना? मग वरून दिसते तेवढेच लिहा. आईच्या औषधांना पैसे लागतात.” त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता, गरज होती, म्हणूनच प्रश्न अवघड होता. केवळ मौन पाळले, तर ते असत्य ठरते काय?

समोरासमोरच्या व्यवहारात ग्राहक स्वतः पारखून घेतो. येथे मात्र त्याने आपले डोळे आणि कान आम्हांला उसने दिले होते. उसन्या डोळ्यांना जे दिसले ते मालकापासून लपविणे, म्हणजे त्याची ठेव बुडविणेच होय. गरज कितीही खरी असली, तरी तिचा भार एका अनोळखी माणसावर, त्याला न विचारता, टाकण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. मदत मागायची तर उघडपणे मागावी. आम्ही तडा नोंदविला. त्या तबकडीचे जवळजवळ काहीच आले नाही. मुलगा काही दिवस आमच्याशी मोजकेच बोलला. सत्याचा मोबदला हातोहात मिळतो, असे आम्ही वाचकांस सांगणार नाही.

पेटीतील सर्वांत झिजलेल्या तबकडीपुढे आम्ही ‘खराब’ असे लिहिले, तेव्हा आईंनी ती यादीतून काढायला लावली. सुई कोठे अडते हे त्यांना पाठ होते. “तिथं ते हातानं पुढं सरकवायचे,” एवढेच त्या म्हणाल्या.

दूरच्या जमैका बेटावरील जुन्या रेगे गाण्यांच्या तबकड्यांचेही असेच आहे. नाचाच्या मैदानांत त्या इतक्या वाजविल्या गेल्या, की आज त्यांची स्वच्छ प्रत दुर्मीळ झाली आहे. ज्यांवर लोकांचा जीव जडला त्या झिजल्या. नवीकोरी राहिली ती बहुधा कोणी ऐकलीच नाही.

तेव्हा प्रत आणि मोल यांची गल्लत होऊ नये. ‘खराब’ हा शब्द आम्ही खोडला नाही, कारण तो खराच होता. आणि आईंनी तबकडी दिली नाही, हेही योग्यच झाले. प्रत विकत घेणाऱ्यासाठी असते, आणि ती त्याला खरीच मिळाली पाहिजे. मोल मात्र ज्याने ती ऐकली त्यालाच ठाऊक. माणसांची झीज पाहून त्यांचे मोल ठरविताना आपल्याला हा भेद आठवला, तर किती बरे होईल!